घटस्फोट झाला, तो नादारीत गेला. मग बँक माझ्या दारात का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. नवऱ्याचं गावात कृषी केंद्र होतं. २०१८ मध्ये ट्रॅक्टर घेतला, त्या कर्जावर दोघांच्या सह्या. दुकानाच्या कॅश क्रेडिटला (लागेल तसे पैसे काढायच्या-भरायच्या कर्जखात्याला) आणि पतसंस्थेच्या एका कर्जाला ताई जामीनदार. २०२२ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलं ताईंकडे, राहतं घर ताईंच्या नावावर, आणि कागदावर ओळ अशी की 'सर्व कर्जांची परतफेड पती करतील'. पुढे उधारी अंगावर येऊन दुकान बसलं आणि २०२५ मध्ये त्याने जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला. आता ताईंना दोन म्हशी घ्यायच्या आहेत. बँकेने सिबिल ५४२ दाखवून परत पाठवलं. त्यांचे शब्द असे: "त्याले कोर्टानं नादार ठरवलं तर माह्या नावावरचं निघून जाईन का? का मीबी त्याच्यासंगं बुडाली समजू? अन् घराचं काय?"

ताई, त्याची नादारी तुम्हाला नादार करत नाही. पण ती तुम्हाला मोकळंही करत नाही. तुम्ही कुठल्या कागदावर, कोण म्हणून सही केली, सगळा खेळ तेवढ्यावर आहे. मी बरीच वर्षं ग्रामीण शाखांमध्ये कर्जाच्या टेबलावर काढली. निवृत्तीनंतर आता टेबलाच्या अलीकडे बसून लोकांचे कागद वाचून देतो. दोन्हीकडून दिसतं ते सारखंच. बायका वर्षानुवर्षं 'त्याचं कर्ज' म्हणत राहतात आणि फाइल उघडली की आत त्यांचाच फोटो, त्यांचंच आधार आणि पानापानावर त्यांच्याच सह्या.

जे तुमच्या अंगावर येत नाही ते आधी बाजूला काढू. लग्न झालं म्हणून कुणाचं कर्ज कुणाच्या सिबिलमध्ये जात नाही. आपल्याकडे पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींकडे प्रत्येक माणसाचा अहवाल वेगळा असतो. नवरा-बायकोचा एकत्र अहवाल नसतोच. त्याच्या एकट्याच्या नावावरचं पीककर्ज, त्याने कंपनीकडून उधार आणलेला माल, सावकाराकडून उचललेले पैसे, यातलं काहीही तुमच्या अहवालात येत नाही. त्याच्या खात्यावर तुम्ही नॉमिनी होता, म्हणूनही येत नाही. तुमचं स्त्रीधन त्याच्या देण्यासाठी जप्त होत नाही. मात्र पेरणीच्या तोंडावर तुमचे दागिने *तुमच्या* नावाने तारण ठेवून पैसे त्याने वापरले असतील, तर ते सोनेतारण कर्ज कागदोपत्री तुमचंच.

म्हणून पहिलं काम अहवाल काढणं. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेच्या स्क्रीनवरचा ५४२ हा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. ३०० ते ९०० च्या पट्टीत तो खाली आहे एवढंच त्यातून कळतं, का खाली आहे ते कळत नाही. ते कळतं आतल्या पानांवर. प्रत्येक खात्यापुढे तुमचं नातं लिहिलेलं असतं: वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार. खाली महिन्यांचे चौकोन असतात, साधारण ३६ महिन्यांचे, आणि प्रत्येक चौकोनात हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा. तीन शून्यं म्हणजे वेळेवर. कुठल्या खात्यावर, कुठल्या महिन्यापासून आकडे चढायला लागले ते पेनाने लिहून काढा. तुमच्या बाबतीत बहुधा २०२२ च्या पुढेच चढलेले दिसतील. उद्या कुणासमोर बाजू मांडायची वेळ आली तर हीच तारीख तुमच्या कामाला येईल.

अहवालात वरच्या बाजूला तुमचा पत्ता आणि मोबाइल नंबर छापलेला असतो. तो नीट बघा. निम्म्या ताईंच्या नावापुढे तिथे नवऱ्याचा नंबर सापडतो. कर्ज काढताना अर्ज त्याने भरला, नंबर त्याचाच टाकला. घटस्फोटाला तीन वर्षं झाली तरी हप्ता थकल्याचा मेसेज त्याला जातो, ओटीपीही त्यालाच जातो. तुम्हाला कळतं ते थेट नोटीस आल्यावर. तुमच्या तिन्ही कर्जांच्या ठिकाणी लेखी अर्ज देऊन नंबर आणि पत्ता बदलून घ्या, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. सही-शिक्का असलेली पोच नसेल तर तो अर्ज दिला असं कुणी मानत नाही.

आता तुमच्या तीन सह्या. तिन्हींचं वजन वेगवेगळं आहे.

ट्रॅक्टरच्या कर्जात तुम्ही सहकर्जदार आहात, म्हणजे ते कर्ज जेवढं त्याचं तेवढंच तुमचं. अर्धं-अर्धं असं काही नसतं; बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकते. शेतीच्या कर्जाला एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक, ठरवताना ९० दिवसांचा नियम लागत नाही, तिथे पिकाचे हंगाम मोजतात. आपल्या कापूस-सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकांना दोन हंगाम. त्यामुळे 'अजून खातं एनपीए नाही' असं शाखेत सांगतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण सिबिलमधले थकलेले दिवस हप्त्याची तारीख गेली की मोजायला लागतात. ट्रॅक्टर आज कुणाच्या अंगणात उभा आहे? त्याच्याकडे असेल आणि हप्ता कुणीच भरत नसेल, तर बँकेला लेखी कळवा की तारण वाहन विकून रक्कम कर्जात जमा करायला तुमची सहकर्जदार म्हणून संमती आहे. लोखंडाची किंमत दर पावसाळ्यात उतरते आणि व्याज चढतं. जितका उशीर, तितकी विक्रीनंतर उरणारी तूट मोठी. ती तूटही दोघांच्या डोक्यावर राहते, हे धरून चाला.

कॅश क्रेडिटला तुम्ही जामीनदार आहात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं असेल तरच कमी. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' हे म्हणणं माणुसकीला धरून असलं तरी कोर्टात टिकत नाही. पण जामीनदाराला हक्कही असतात, ते कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. कॅश क्रेडिट हे फिरतं खातं असतं. अशा चालू जामिनातून पुढच्या व्यवहारांपुरतं नोटीस देऊन बाहेर पडता येतं, कलम १३० प्रमाणे. खातं अजून चालू दाखवत असेल तर आजच ती नोटीस रजिस्टर पोस्टाने द्या. निदान आजच्या बाकीवर तुमची मर्यादा ठरेल. दुसरं, तुम्हाला न विचारता बँकेने मर्यादा वाढवली असेल, समजा पाच लाखांची आठ लाख केली असेल, तर कलम १३३ प्रमाणे बदलानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. बँकांच्या छापील जामीनपत्रात असा हक्क सोडून दिल्याचं कलम बहुतेक वेळा बारीक अक्षरात घातलेलं असतं. म्हणून जामीनपत्राची प्रत मागा, नूतनीकरणाच्या प्रत्येक वर्षाच्या कागदांसकट. आणि तिसरं, तुम्ही जामीनदार म्हणून जे पैसे भराल ते त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, बँकेकडे असलेल्या तारणासकट. कलम १४० आणि १४५. नादारीच्या अर्जात हाच हक्क उपयोगी पडणार आहे.

पतसंस्थेचं प्रकरण मला तिघांत जास्त काळजीचं वाटतं. ते तुमच्या अहवालात कदाचित दिसणारही नाही, कारण बऱ्याच पतसंस्था या कंपन्यांना माहिती देत नाहीत. दिसत नाही म्हणून लोक विसरतात. पण पतसंस्थेच्या हातात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम १०१ आहे. दिवाणी दावा न लावता, सहाय्यक निबंधकांकडून वसुली दाखला. त्या दाखल्यात कर्जदारासोबत जामीनदारांची नावं असतात आणि एकदा दाखला निघाला की विशेष वसुली अधिकारी जप्ती-लिलावापर्यंत जाऊ शकतो. बँकांच्या सरफेसी कायद्यात (कोर्टात न जाता तारण विकायचा कायदा) शेतजमिनीला सूट आहे, तशी सूट इथे नाही. मुख्य गोष्ट अशी की दाखल्याआधी सुनावणीची नोटीस येते. आपली माणसं काय करतात? नोटीस घेतच नाहीत, किंवा घेऊन फोटोफ्रेमच्या मागे खोचून ठेवतात. मग दाखला एकतर्फी होतो. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण करायचं तर वसूलपात्र रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. सुनावणीत मात्र एक रुपया न भरता म्हणणं मांडता येतं: सही माझी आहे की नाही, रक्कम बरोबर आहे की नाही, भरलेल्या पावत्या जमा धरल्या की नाही, व्याज कसं लावलं.

घटस्फोटाच्या कागदातल्या त्या ओळीबद्दल. 'सर्व कर्जांची परतफेड पती करतील' ही ओळ तुमच्या दोघांमधली आहे. बँक त्या प्रकरणात पक्षकार नव्हती, म्हणून ती बँकेला बांधत नाही. व्यवस्थापकापुढे घटस्फोटाचा हुकूमनामा ठेवला तरी तो मान हलवेल आणि थकबाकीचा आकडाच सांगेल. म्हणून ती ओळ वाया गेली असं समजू नका. त्याने शब्द मोडला, त्यामुळे तुमचं नुकसान झालं, तर तो हुकूमनामा घेऊन त्याच्याकडून भरपाई मागता येते. ज्यांचं प्रकरण अजून चालू आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: सही करण्याआधी बँकेत जा. सहकर्जदाराचं नाव कमी करायला, दुसरा जामीनदार घ्यायला बँकेची लेखी मंजुरी लागते, आणि ती मिळवायची गरज समोरच्याला घटस्फोट होईपर्यंतच वाटते.

आता नादारी. आपल्याकडे दुकानाला कुलूप लागलं की लोक 'दिवाळं निघालं' म्हणतात आणि गावभर तेच फिरतं. कायद्यात तसं नसतं. व्यक्तीच्या नादारीला मुंबईत १९०९ चा कायदा लागतो, आपल्याकडे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. २०१६ ची नवी नादारी आणि दिवाळखोरी संहिता व्यक्तींच्या बाबतीत अजून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झाली आहे, १ डिसेंबर २०१९ पासून. गावच्या कृषी केंद्राला ती लागत नाही.

जुन्या कायद्यात तीन वेगळे टप्पे आहेत आणि लोक तिन्हींची सरमिसळ करतात. अर्ज करणं हा पहिला. तेवढ्याने काहीच ठरत नाही. न्यायालय नादार ठरवतं तो दुसरा. त्या दिवसापासून त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि धनकोंना, म्हणजे ज्यांचं त्याच्याकडे येणं आहे त्यांना, न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्यावर वसुलीचा दावा लावता येत नाही. ज्याच्याकडे तारण आहे तो मात्र आपलं तारण विकू शकतो. उरलेल्या देण्यातून मुक्तीचा आदेश हा तिसरा, तो मिळाला तर. तुमचं प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते ई-कोर्टच्या वेबसाइटवर त्याचं नाव घालून किंवा न्यायालयात नक्कल अर्ज करून बघा. त्याच्या भावाने पानठेल्यावर काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्याच कायद्याच्या कलम ४४ मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. मुक्तीचा आदेश झाला तरी जो त्याचा भागीदार होता, जो त्याच्यासोबत संयुक्तपणे बांधलेला होता, किंवा जो त्याचा जामीनदार होता, तो सुटत नाही. म्हणजे तो सुटेल, तुम्ही राहाल. एवढंच नाही, दुसऱ्या टप्प्यानंतर त्याच्या मागे लागणं अवघड झालं की बँक आणि पतसंस्था साहजिकच तुमच्याकडे वळतील. तसे फोन वाढले असतील तर ते याचमुळे.

पण त्याच कलमात तुमच्या बाजूचीही गोष्ट आहे. न्यायालयाच्या आदेशाने ठरलेली पोटगी मुक्तीच्या आदेशाने माफ होत नाही. कलमात जुन्या फौजदारी संहितेचा उल्लेख आहे, ते पुढे १२५ झालं आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. मुलांच्या पोटगीचा तसा आदेश असेल तर ती त्याच्या अंगावर राहते. आदेश नसेल आणि नुसता तोंडी ठराव असेल, तर आधी आदेश मिळवा. शिवाय तुम्ही स्वतः त्याच्या धनको होऊ शकता. जामीनदार म्हणून भरलेले किंवा भरावे लागणारे पैसे, थकलेली पोटगी, हे सगळं नादारीच्या प्रकरणात दाखल करता येतं. धनकोंच्या यादीत तुमचं नाव नसेल तर मालमत्तेची वाटणी होताना तुमचा विचार कुणी करणार नाही. त्याने अर्जात तुमचं नाव घातलं असेल या भरवशावर राहू नका.

घराचं विचारलंत. नादारीचा अर्ज होण्याआधी दोन वर्षांच्या आत फुकटात केलेलं हस्तांतर रिसीव्हर रद्द करून मागू शकतो, कलम ५३. तुमचं २०२२ चं, अर्ज २०२५ चा, म्हणजे तो काळ उलटून गेला. शिवाय तुम्ही हक्क सोडून, तडजोडीत ते घर घेतलं. ते फुकटही नाही. 'धनकोंना चुकवण्यासाठी केलं' असा आरोप कुणी मालमत्ता हस्तांतर कायद्याखाली केलाच, तर तडजोडीचा पूर्ण कागद आणि तारखा तुमच्या बाजूने बोलतील. दोन गोष्टी मात्र तपासा. घर कॅश क्रेडिटला गहाण होतं का? गहाण असेल तर ते घरासोबत तुमच्याकडे आलं. आणि नोंद खरंच झाली का? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून त्याचंच नाव असेल, हस्तांतराची नोंदणीच झाली नसेल, तर रिसीव्हरच्या लेखी घर त्याचंच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला ती विचारल्याशिवाय राहवत नाही. कृषी केंद्राचा परवाना, जीएसटी, चालू खातं कुणाच्या नावावर होतं? आपल्या भागात हे फार चालतं: दुकान नवऱ्याचं आणि मालक म्हणून नाव बायकोचं, किंवा कागदावर भागीदारी आणि बायको भागीदार. एकल मालकी तुमच्या नावावर असेल तर आतापर्यंत सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा, त्या दुकानाचं देणं थेट तुमचंच आहे. भागीदार असाल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याने प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला जबाबदार. घटस्फोट झाला म्हणून भागीदारी सुटत नाही. निवृत्तीचा लेख करून, निबंधकांकडे कळवून, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. तोवर नव्या व्यवहारांनाही तुम्ही बांधलेल्या राहता. जुन्या देण्यातून सुटायला धनकोची संमती लागते. जिनिंगमध्ये, बियाण्याच्या धंद्यात मित्र-मित्र भागीदार असलेल्यांनाही शब्दन्‌शब्द हेच लागू आहे. आणि खत कंपनीच्या वितरकाला सही करून कोरे चेक दिले होते का? चेकच्या गुन्ह्यात ज्याची सही तोच आरोपी. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, ते हातचे जाऊ देऊ नका.

सातबाराही काढा. लक्ष्मी मुक्ती योजनेत किंवा वाटणीत तुमचं नाव त्याच्या जमिनीला लागलं असेल तर पीककर्जाला तुमचं संमतीपत्र घेतलेलं असू शकतं. नुसती संमती म्हणजे तुमचा हिस्सा बोजाखाली. सहकर्जदार म्हणून सही असेल तर तुम्ही स्वतःच बोजाखाली. इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते तलाठ्याकडून समजून घ्या. घटस्फोटानंतर तुम्ही त्याच्या वारस राहिल्या नाहीत, पण मुलं आहेत. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर त्याचं देणं मुलांवर येतं ते फक्त वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतं. त्यांच्या पुढच्या कमाईवर नाही. त्या वेळी कुणी मुलांच्या नावाने नवीन कागद लिहून मागितला तर देऊ नका.

म्हशींकडे येतो. सरकारने, मुख्यमंत्र्यांनीही, बँकांना पीककर्जासाठी सिबिल मागू नका असं बजावलेलं आहे. पण म्हशी म्हणजे पीककर्ज नव्हे, आणि थकीत खात्यावर नाव असलेल्या माणसाला त्याच शाखेने नवीन कर्ज देणं प्रत्यक्षात होत नाही. नकार मात्र लेखी घ्या. अर्ज नाकारल्याचं मुख्य कारण लेखी कळवणं बँकेला बंधनकारक आहे. 'साहेबांनी नाही म्हटलं' याच्यावर पुढे काहीच करता येत नाही.

मायक्रोफायनान्सवाल्यांकडे एक वेगळीच अडचण येते. २०२२ च्या नियमांप्रमाणे ते घराचं एकत्र बघतात: वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत, आणि घरातल्या सगळ्यांच्या कर्जाचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत. घर म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. सही नसलेलं नवऱ्याचं कर्ज तुमच्या आड येऊ शकतं ते इथे. म्हणून हुकूमनाम्याची प्रत सोबत न्या आणि अर्जात नवऱ्याच्या रकान्यात जुनं नाव लिहू देऊ नका. पण ताई, खरं सांगायचं तर जुनं फेडायला किंवा म्हशीला आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज काढू नका. म्हैस आटली तरी हप्ता आटत नाही.

त्यापेक्षा बचत गटाकडे बघा. रिझर्व्ह बँकेच्या सूचना अशा आहेत की गटातल्या एखाद्या सदस्याची किंवा तिच्या घरच्यांची थकबाकी आहे म्हणून सबंध गटाचं कर्ज अडवू नये, गट स्वतः थकलेला नसला तर. काही शाखा हे विसरतात, त्यांना आठवण करून द्या. त्याच सूचनेत पुढे असंही आहे की ते बँक कर्ज त्या बँकेच्या थकबाकीदार सदस्याला वाटू नये. म्हणजे ट्रॅक्टरची बँक आणि गटाची बँक एकच असेल तर तुम्हाला गटाच्या स्वतःच्या बचतीतून, अंतर्गत कर्जातून घ्यावं लागेल. एका म्हशीपुरतं ते जमू शकतं.

सिबिल सुधारायला किती वर्षं, हेही विचारलंत. अहवालात काही चूक असेल, म्हणजे कर्ज तुमचं नाहीच, भरलेलं थकीत दाखवतंय, दुसऱ्याच कुणाचं खातं तुमच्या नावात मिसळलंय, तर तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे; नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तरी ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, चौकशीचा फोन १४४४८, फी काही नाही. पैसे घेऊन 'सिबिल साफ करून देतो' म्हणणारे यापेक्षा जास्त काही करत नाहीत. बरोबर असलेली नोंद कुणालाच पुसता येत नाही.

तुमच्या नोंदी बहुतांश बरोबर असणार. मग उपाय खाती मिटवणं हाच. बँका मार्चअखेर जवळ आली की एकरकमी तडजोडीला तयार होतात. सूट घेऊन मिटवलं तर शेरा 'सेटल्ड' पडतो, पूर्ण भरलं तर 'क्लोज्ड'. पहिला शेरा पुढच्या बँकेला खटकतो, आणि तडजोड त्याने केली तरी तो तुमच्याही अहवालात येतो. तरीही माझं मत असं की ऐपत नसताना पूर्ण भरण्यासाठी घर विकू नका. तुमच्या जागी मी ट्रॅक्टरच्या विक्रीनंतर उरणाऱ्या रकमेची तडजोड करीन, कॅश क्रेडिटचं नादारीत काय होतं ते बघीन, आणि बचत गटाचे हप्ते तारखेला भरत राहीन. मिटलं की नो ड्यूज (बाकी नसल्याचा) दाखला घ्या आणि घराचे कागद बँकेकडे असतील तर ते ३० दिवसांत परत मागा. त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत असेल तर ती मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, दाखला नव्या नावाचा घ्या.

वसुलीवाले घरी येऊन 'फक्त बाकी मान्य आहे एवढी सही द्या' म्हणतात. त्या सहीने दाव्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बाकी मान्य नाही असं म्हणा असं मी सांगत नाही, पण प्रत ठेवून घ्या आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

पत्रात तुम्ही पतसंस्थेची 'एक नोटीस आली होती' असं एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. त्यावर सहाय्यक निबंधकांचा शिक्का आणि सुनावणीची तारीख आहे का ते आजच बघा. तारीख पुढची असेल तर बाकी सगळं नंतर, आधी तिथे हजर राहून मुदत मागा. तारीख उलटली असेल तर दाखला निघाला की नाही याची कार्यालयात चौकशी करा, आणि नक्कल हातात आली की मला पुन्हा लिहा.